नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यानंतर आपण एकमेकांकडून काय शिकलो?

संत्रानगरी (धागाकर्ता)

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांचे ख्रिस्ती एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे ज्याला आपण बोलताना सरळ सी.एन.आय. म्हणतो, ते अस्तित्वात आले. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्यांची आधीच जुळलेली संयुक्त मंडळी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स असे ते सहा प्रवाह होते. बोलणी 1929 साली लखनौला सुरू झाली होती, म्हणजे या एका दिवसासाठी 41 वर्षे खर्ची पडली. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी त्याच वर्षी, अगदी शेवटच्या टप्प्यावर, माघार घेतली आणि ती जागा रिकामी राहिली.

माझी आई तेव्हा तरुण होती. त्या दिवसानंतरच्या रविवारी आपल्या मंडळीत काय बदलले, असे मी तिला अनेकदा विचारले आहे, आणि प्रत्येक वेळी तिने एकच उत्तर दिले आहे: फलकावरचे नाव बदलले, बाकी उपासना तशीच झाली. त्याच बाकांवर तीच कुटुंबे बसली, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करणाऱ्या विधीचा, द्राक्षरस त्याच लहान लहान पेल्यांमधून वाटला गेला, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, पूर्वी अँग्लिकन असलेल्या मंडळीत सर्वांसाठी एकच मोठा प्याला फिरतो, हे आमच्यातल्या बहुतेकांनी पुढे कित्येक वर्षे डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नाही. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नसतो. मला मात्र त्या उत्तरात आपल्या ऐक्याचे एक मोठे अपुरेपण दिसते. घटना, म्हणजे चर्चची नियमावली, एक झाली, बिशप एक झाले, पण दुसऱ्याकडे असे काय आहे जे माझ्याकडे नाही, हा प्रश्न मंडळीच्या पातळीवर फारसा कोणी विचारलाच नाही.

याउलट घडलेली एक गोष्ट सांगतो. दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कथीड्रलमध्ये चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन झाले, आणि 1950 मध्ये त्यांनी प्रभुभोजनाची स्वतःची नवी उपासनापद्धती तयार केली. तिच्यात शांतीची देवाणघेवाण हाताने होते. पाळक मेजापासून सुरुवात करतो, त्याचे साहाय्यक ती शांती बाकांपर्यंत आणतात, आणि मग प्रत्येक जण शेजाऱ्याला देतो. देणारा आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावतो, आणि दोघेही आपापला डावा हात समोरच्याच्या उजव्या हातावर मिटतात. चार हात असे काही क्षण एकात एक राहतात. पहिल्यांदा ते करताना माझ्या शेजारी एक अनोळखी वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या तळव्याचा खरखरीतपणा मला अजून आठवतो, कारण अनोळखी माणसाचा हात इतका वेळ हातात धरण्याचा प्रसंग आपल्यावर एरवी येतच नाही.

ही रीत केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतून घेतलेली आहे, आणि सिरियन मंडळ्या 1947 च्या ऐक्यात सामील नव्हत्या. जे एकत्र आले त्यांनी जे एकत्र आले नव्हते अशा शेजाऱ्यांकडून ही गोष्ट घेतली, ती उपासनेच्या मध्यभागी ठेवली, आणि पुढे पाश्चात्त्य मंडळ्यांच्या उपासनेवरही तिचा प्रभाव पडला. कोणतीही वाटाघाट, कोणताही करार, कोणतीही मालमत्तेची यादी त्यासाठी लागली नाही. आपल्या उपासनेत शेजाऱ्याला जागा नाही, एवढे ओळखण्याची आणि ज्याच्याकडे ती आहे त्याच्या दारी जाण्याची तयारी मात्र लागली.

इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातले कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ पॉल मरे यांनी 2006 साली एका परिषदेत याच वृत्तीला 'रिसेप्टिव्ह इक्यूमेनिझम' असे नाव देऊन तिची नीट मांडणी केली. मी त्याला घेण्याच्या बाजूने सुरू होणारे ऐक्य म्हणेन. दुसऱ्या मंडळीने आमच्याकडून काय शिकावे, या प्रश्नापासून आरंभ न करता आमची दुखरी जागा कोणती आणि ती बरी होण्यासाठी दुसऱ्याला देवाने दिलेले कोणते दान आम्हाला घ्यावे लागेल, या प्रश्नापासून आरंभ करायचा. समोरच्याने त्याच क्षणी काही परत द्यावे, अशी अट घालायची नाही.

मला वाटते की नागपूरच्या घटनेला जे जमले नाही ते याच वाटेने जमू शकेल, आणि आधी शिकणे व मग जुळणे हाच क्रम खरा आहे. म्हणून सर्वांना विनंती अशी की, आपापल्या मंडळीतली एक दुखरी जागा मोकळेपणाने सांगावी आणि तिच्यावरचे औषध आपल्याला कोणाकडे दिसले तेही लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो. आमच्या मंडळीत कमिटीच्या निवडणुका होतात, आणि निवडणुकीनंतर दोन गट एकमेकांशी वर्ष वर्ष बोलत नाहीत. मत देण्याचा हक्क आम्ही जपला, पण हरल्यावर एकाच मेजाभोवती गुडघे टेकण्याची शिस्त आम्हाला जमली नाही.

वसईची लेक

दादा, आपला धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. मी वसई धर्मप्रांतातली कॅथलिक आहे आणि माझे सासर सी.एन.आय.चे आहे, त्यामुळे हा विषय माझ्या स्वयंपाकघरात रोज वावरतो.

आमची दुखरी जागा नेमकी आपल्या उलट आहे. पॅरिशच्या, म्हणजे आमच्या स्थानिक चर्चच्या, पास्टोरल कौन्सिलमध्ये मी काही वर्षे काम केले. तिथली माणसे कष्टाळू आहेत, आमचे फादरही ऐकून घेणारे होते, परंतु कौन्सिलचे काम सल्ला देण्याचे असते, आणि निर्णय शेवटी फादरांचाच असतो. सासरच्या मंडळीत पहिल्यांदा वार्षिक सभेला बसले, तेव्हा एका भाजी विकणाऱ्या बाईंनी उभे राहून जमाखर्चाच्या एका रकमेचा हिशेब मागितला आणि खजिनदारांनी तिला तो उभे राहून दिला. मला ते पाहून फार बरे वाटले, आणि थोडे वाईटही वाटले. तुमच्याकडे त्या हक्कातून गट पडतात, हे मला आज कळले. आमच्याकडे फादरांची बदली झाली की पॅरिश रडते, पण नव्या फादरांना स्वीकारते. त्या आज्ञाधारकपणातही काही दान असेल, असा विचार मी आजवर केला नव्हता.

अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हीच पद्धत वापरलेली आहे, हे इथे नोंदवावेसे वाटते. दोन्ही बाजूंनी आधी आपापल्या रचनेतले ताण लिहून काढले आणि मग दुसऱ्याकडे पाहिले. सामान्य श्रद्धावंतांना निर्णयात जागा देणारी अँग्लिकन सिनडची, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधी सभेची, पद्धत कॅथलिकांना शिकण्यासारखी आहे, आणि जगभरच्या ख्रिस्तसभेशी जोडलेले राहण्याची कॅथलिक जाणीव अँग्लिकनांना शिकण्यासारखी आहे, असा त्या दस्तऐवजाचा रोख आहे. पुढे 2023 आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये रोमला झालेल्या सिनडमध्ये सामान्य ख्रिस्ती माणसांना, त्यांत स्त्रियांनाही, मतदानाचा हक्क मिळाला. हे सगळे दुसऱ्यांना पाहूनच झाले, असे मी म्हणणार नाही, पण आमची खिडकी त्या दिशेने उघडलेली होती, एवढे नक्की.

आणखी एक गोष्ट सासूबाईंची आहे. त्यांच्या पवित्रशास्त्रात स्तोत्रांच्या समासात पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. कोणत्या तारखेला कोणते स्तोत्र का वाचले, हे त्या कोणाला सांगत नसत. त्या गेल्यावर आम्ही ते पुस्तक उघडले, तेव्हा माझ्या मुलीच्या जन्माची तारीख 121 व्या स्तोत्राशेजारी सापडली. आमच्या घरी बायबल होते, पण ते देव्हाऱ्याजवळ ठेवलेले असे. ते हाताळून हाताळून मऊ करायचे असते, हे मी एका प्रॉटेस्टंट बाईकडून शिकले, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते.

डहाणूकर

संत्रानगरी यांनी ब्रदरनांचा उल्लेख एका शब्दात केला म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ब्रदरन मिशनचे काम 1890 च्या दशकात वलसाडला सुरू झाले आणि तिथून ते गुजरातच्या दक्षिण भागात व आमच्या डहाणूकडे पसरले. आमच्या परंपरेचे वैशिष्ट्य म्हणजे प्रीतिभोजन. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा असे सांगितले, ते आमच्या वाडवडिलांनी शब्दशः घेतले.

पाळकाने बारा जणांचे पाय धुवावेत आणि बाकीच्यांनी पाहावे, अशी ही रीत नाही. बाके समोरासमोर मांडतात, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे बसतात. पहिला माणूस कमरेला पंचा बांधतो, शेजाऱ्याच्या पायांखाली परात सरकवतो, पाय धुतो, पुसतो, त्याला उठवून आलिंगन देतो, आणि तोच पंचा त्याच्या कमरेला बांधतो. मग तो पुढच्याचे पाय धुतो. अशी परात रांगेच्या टोकापर्यंत जाते. त्यानंतर साधे जेवण होते आणि मग भाकर व प्याला. माझे वडील एकदा अशा माणसाच्या शेजारी बसले, ज्याच्याशी त्यांचा बांधावरून वाद चालू होता. वाद मिटला नाही, खटलाही पुढे चालला, पण पुढे दोघे एकमेकांच्या घरच्या मयताला गेले, हे मी स्वतः पाहिले आहे.

संत्रानगरी, आपल्या निवडणुकीतल्या गटांवर घटनेत दुरुस्ती करून काही होईल, असे मला वाटत नाही. परात मागवा.

आम्ही काय घेतले, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आमच्याकडे वर्षाचा उपासनाक्रम जवळजवळ नव्हताच. उपवासकाळाचे चाळीस दिवस, नाताळाआधीचे आगमनाचे चार रविवार, ठरलेली वाचने हे सगळे ऐक्यानंतर अँग्लिकन परंपरेतून आमच्यापर्यंत आले. आधी ते परके वाटले. आज माझ्या नातवंडांना चाळीस दिवसांशिवाय पुनरुत्थानाचा सण कल्पनेतही येत नाही.

वकीलवाडी

विषयाला धरूनच एक कटू बाजू मांडतो. ऐक्याचा ठराव झाला म्हणजे जुन्या ट्रस्टच्या जमिनी व इमारती आपोआप नव्या मंडळीकडे जातात का, हा प्रश्न गुजरातच्या ब्रदरन मंडळीच्या बाबतीत न्यायालयात उभा राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2013 मध्ये आला, म्हणजे नागपूरनंतर 43 वर्षांनी. ज्या पिढीने ऐक्याच्या विधीत हात एकमेकांच्या डोक्यावर ठेवले, तिच्यातील बहुतेक माणसे तोपर्यंत प्रभूकडे गेली होती. धागाकर्त्यांनी सांगितलेला क्रम, म्हणजे आधी शिकणे आणि मग जुळणे, हा कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे, असे माझे मत आहे. जिथे माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, तिथे कागद एकमेकांविरुद्ध उभे राहिले.

वारीचा वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मन लावून वाचतो आहे. एक साधा प्रश्न विचारतो. काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, अँग्लिकन हे भेद नगर किंवा कोल्हापूरच्या एखाद्या शेतकरी ख्रिस्ती कुटुंबाला मुळात आपले वाटत होते का?

संत्रानगरी

वाटसरू, आपला प्रश्न साधा नाही, तो मुळाशी जाणारा आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात न जाण्याचे संकेत पाळले. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे 1831 मध्ये पडले, म्हणून तिथला माणूस काँग्रिगेशनल झाला. कोल्हापूरला अमेरिकन प्रेसबिटेरियन आले, म्हणून तिथला माणूस प्रेसबिटेरियन झाला. नागपूरला 1845 मध्ये स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले, म्हणून आमच्या पणजोबांच्या वाट्याला स्कॉटिश परंपरा आली. युरोपातल्या ज्या भांडणांतून हे भेद जन्मले, त्यांतले एकही आमच्या गावात झाले नव्हते. 1919 मध्ये तमिळनाडूतील तरंगंबाडी येथे जमलेल्या भारतीय पाळकांनी, ज्यांत पुढे ऐक्याचे मोठे पुढारी ठरलेले बिशप अझरिया होते, हीच वेदना आपल्या निवेदनात मांडली होती की हे विभाग आम्ही निर्माण केलेले नाहीत आणि ते चालू ठेवण्याची आमची इच्छा नाही.

तरीही एक सावधगिरी बाळगावी लागते. शंभर-दीडशे वर्षांत माणसाने त्या परंपरेत प्रार्थना केली, मुले वाढवली, माणसे पुरली, आणि ती परंपरा त्याची झाली. तिला परकी म्हणून झटकून टाकणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. ना. वा. टिळकांनी अभंगाचा सूर मराठी मंडळीच्या उपासनेत आणला, तो कोणत्या मिशनचा होता? तो आपल्या वाटेवरून, वाटसरू, म्हणजे वारकऱ्यांच्या वाटेवरून आला. आणि त्यांच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट, म्हणजे येशूसंघी, कॅथलिक धर्मगुरूने ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण छापले गेले. कॅथलिक ओवी आणि प्रॉटेस्टंट अभंग हे दोन्ही एकाच घरातून मागून आणलेले आहेत, एवढे जरी आम्ही दोघांनी लक्षात ठेवले, तरी आमच्यातले अंतर थोडे कमी होईल.

एक बाप्टिस्ट

मला या चर्चेत आदराने हरकत नोंदवायची आहे. माझी मंडळी कोणत्याही ऐक्यात सामील झालेली नाही. स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, ही आमच्यासाठी चालीरीतीची बाब नाही, ती आज्ञापालनाची बाब आहे. पाय धुणे, शांतीचा हात, स्तोत्रांच्या समासातल्या तारखा हे सर्व मनाला भिडते, पण जिथे दोन शिकवणी एकमेकींना छेदतात, तिथे 'दुसऱ्याकडून घ्या' या सल्ल्याचा अर्थ सत्य सैल करणे असा होत नाही ना?

संत्रानगरी

बंधू, हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. सी.एन.आय.ने बाल-बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासाचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग आपल्या घटनेत शेजारी शेजारी ठेवले. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा मागितला तर काय करावे, यावर बोलणी करणाऱ्यांनी किती डोके फोडले, हे जुन्या पिढीला माहीत आहे. तो पेच पूर्ण सुटला असा दावा मी करणार नाही.

तरी आमच्यात काय झाले, ते सांगतो. माझ्या मुलीला आम्ही तान्हेपणी बाप्तिस्मा दिला. त्याच महिन्यात, मूळच्या बाप्टिस्ट असलेल्या एका कुटुंबाने आपल्या बाळाचे फक्त समर्पण केले आणि बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या निर्णयासाठी राखून ठेवला. दोन्ही मुले एकाच शब्बाथ शाळेत वाढली. तो मुलगा सतरा वर्षांचा असताना पाण्यात उतरला आणि सर्वांसमोर बोलला, तेव्हा माझ्या मुलीने घरी येऊन मला विचारले की, माझ्या वतीने तुम्ही जे बोललात ते मी कधी बोलले? आमच्याकडे दृढीकरण, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, हा अनेकदा केवळ नव्या कपड्यांचा आणि जेवणाचा दिवस होऊन बसला होता. त्या वर्षापासून आमच्या पाळकांनी दृढीकरणाच्या प्रत्येक उमेदवाराला मंडळीसमोर स्वतःच्या शब्दांत साक्ष द्यायला लावली. आम्ही बाल-बाप्तिस्म्याची शिकवण सोडली नाही. बाप्टिस्ट शिकवणीतले गांभीर्य मात्र आम्ही घेतले, आणि त्यामुळे आमचीच शिकवण अधिक खरी झाली.

मोठ्या पातळीवरचे उदाहरण द्यायचे तर लुथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्गला विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात मंडळी फुटली, तोच हा प्रश्न. उरलेले मतभेद त्यांनी लपवले नाहीत, ते त्याच मजकुरात लिहून ठेवले. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्या घोषणेशी जोडल्या गेल्या. सत्य सैल करून हे झाले असते, तर इतकी वर्षे लागली नसती.

वसईची लेक

एक दुःख इथे लिहिले नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. दर रविवारी आम्ही नवरा-बायको वेगवेगळ्या मेजांकडे जातो. त्यांच्या चर्चमध्ये भाकर फिरते तेव्हा मी बसून राहते, आणि आमच्या मिस्साच्या वेळी ते हात छातीवर घेऊन फक्त आशीर्वादासाठी रांगेत येतात. दोघांचाही बाप्तिस्मा एकमेकांच्या मंडळ्यांना मान्य आहे, तरी मेज एक नाही. मी माझ्या ख्रिस्तसभेचा नियम मोडत नाही, कारण नियम मोडून मिळालेले ऐक्य आमच्या दोघांपुरतेच राहील. परंतु तो नियम दुखतो, आणि तो दुखला पाहिजे, असेही मला वाटते.

डहाणूकर काका, आपल्याकडच्या प्रीतिभोजनाला आम्हा दोघांना येता येईल का? भाकरीच्या वेळी मी बाजूला बसून प्रार्थना करीन. पाय धुण्याला मात्र आमच्याकडे काही मनाई नाही.

डहाणूकर

अवश्य या, मुली. आमचे वर्षातले दुसरे प्रीतिभोजन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी असते. संत्रानगरी, आपणही दोन्ही गटांतला एकेक माणूस बरोबर घेऊन या आणि त्यांना शेजारी बसवायचे काम माझ्यावर सोडा. चार वाजेपर्यंत पोहोचा, कारण पाणी तापवायला आणि पराती घासायला पाहुण्यांनाही लावतो.

एक बाप्टिस्ट

मी डहाणूपासून फार दूर राहत नाही. बाप्तिस्म्याविषयीचे माझे मत तसेच आहे. पण पाय धुण्याची आज्ञा माझ्याही पवित्रशास्त्रात आहे, आणि ती आम्ही कधीच पाळलेली नाही. एक जागा माझ्यासाठी ठेवाल का?